मजुरीच्या रकान्यात न बसणारे

संघटित कारखान्यांत शंभर रुपयांचं निव्वळ मूल्यवर्धन झालं, तर 1980 च्या सुमारास त्यातले तीसेक रुपये कामगारांच्या मजुरीत जायचे. 2007-08 पर्यंत ते दहा-अकरावर आले. पुढे थोडे सावरले, पण जुन्या जागी काही गेले नाहीत. वार्षिक उद्योग पाहणीतले हे आकडे. आपल्याकडे याचं खापर 1982 च्या गिरणी संपावर, म्हणजे पर्यायाने संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यावर, फोडायची सवय आहे. गिरण्या बसल्या मुंबईच्या. वाटा मात्र देशभर घसरला.

*

यंत्रं वाढली हे खरंच. पण या घसरणीत मला कंत्राटदाराचा हात मोठा वाटतो. 2000 च्या सुमारास कारखान्यातल्या पाच कामगारांत एक कंत्राटी होता, 2022-23 मध्ये दोन. कायम कामगाराने मागणी लावून धरायची कुणाच्या जिवावर? त्याच्या जागी येणारा शेजारच्याच यंत्रावर कमी पैशात उभा आहे. (गेटवरचा रखवालदार एजन्सीचा असेल, तर कारखान्याच्या वहीत त्याचा पगार मजुरी नसतोच. ती ‘घेतलेली सेवा’.)

*

कारखान्यातलं प्रमाण देशाला लावता येत नाही. 2023-24 च्या श्रमबल पाहणीत काम करणाऱ्यांपैकी 58 टक्के लोक स्वयंरोजगारातले. एकूण कामकऱ्यांतले 19 टक्के तर घरच्याच शेतीत-धंद्यात बिनपगारी राबणारे. त्यांत बायका जास्त. राष्ट्रीय लेख्यांत या सगळ्यांची कमाई ‘मिश्र उत्पन्न’ या सदरात पडते. भाजीच्या गाडीवर दिवसाकाठी जे सुटलं त्यात मेहनतीचे किती, गाडीचे किती आणि सकाळी मार्केटात गुंतवलेल्या पैशांचे किती? गाडीवाल्याला विचारलंत तर तो आधी तुमच्याकडे बघेल.

अर्थतज्ज्ञ डग्लस गोलिन यांनी 2002 मध्ये दाखवलं, की हे मिश्र उत्पन्न श्रम आणि भांडवलात नीट वाटून घातलं तर गरीब आणि श्रीमंत देशांत श्रमाचा वाटा फारसा वेगळा नसतो. बहुतेक ठिकाणी तो 65 ते 80 टक्क्यांत बसतो. त्यांची एक रीत अशी, की स्वयंरोजगारवाल्यालाही पगारदाराइतकीच मजुरी धरायची. आपल्याकडे हे जरा अतीच होतं. 2023-24 च्या त्याच पाहणीत नियमित पगारदाराला महिन्याला सरासरी विसेक हजार, स्वयंरोजगारवाल्याला तेरा-चौदा. या हिशेबाने भाजीच्या गाडीचं भाडं उणे निघेल!

*

1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं माप घालून दिलं: तीन माणसांचा आहार, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, जळण. पोट मोजलं, वाटा नाही. उत्पन्न वाढलं की मजुरीने किती वाढावं, हे त्यात नाही.

*

वाट्याचं सूत्र आपल्याला जमत नाही असं नाही. रंगराजन समितीने 2012 मध्ये उसासाठी ते सुचवलं: साखर, मळी, बगॅस यांच्या उत्पन्नातले 70 टक्के शेतकऱ्याला, 30 कारखान्याला. महाराष्ट्राने 2013 मध्ये त्यासाठी कायदाही केला. तोडणी-वाहतूक मात्र शेतकऱ्याच्या दरातून कापली जाते, म्हणजे तोडणारा या सूत्रात वाटेकरी नाही, खर्च आहे.

बीडकडून निघालेल्या ऊसतोड टोळीत मोजणी माणसांची नसते, कोयत्याची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. आगाऊ उचल त्याच्या नावावर, तिचं नाव टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत शोधायला जाऊ नये. आजारपणात एक दिवस गेला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. उसाचं वाढं चारा म्हणून विकून चार पैसे मिळतात, ते घरखर्चाला. हे वाढ्याचे पैसे मजुरीत धरायचे की मिश्र उत्पन्नात?

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 रुपयांवरून सुमारे 366. त्या हंगामात उसाचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) टनाला 3150 रुपये होता. वाढ मोठी होती, ती संपाच्या इशाऱ्याशिवाय मिळाली नसती. पण बोलणी झाली ती टनामागच्या रुपयांची आणि मुकादमाच्या कमिशनची. साखरेचा उतारा, मळी, इथेनॉल हे विषय शेतकरी आणि कारखान्याच्या टेबलावरचे.