अडकलेली पुंगळी

मी आयुष्यात कधी रायफल हातात धरलेली नाही. तरीही गेले काही आठवडे मी चेंबरमध्ये अडकणाऱ्या पुंगळ्यांविषयी वाचतोय. एका मित्राला हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, “तुझ्या नावाच्या माणसाने असले विषय जरा जपून वाचावेत.” मीही हसलो. पण त्या वाक्यातच मला हा लेख सापडला. काही बिघडलं की आपण आधी वस्तू तपासतो की माणूस?

काडतुसाची पुंगळी पितळेची असते. साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. हे पितळ ताणलं जातं आणि थोडं परतही आकसतं, म्हणूनच ते वापरतात. बारूद पेटली की पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तापलेला वायू मागे येत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला की पुंगळी केसभर आकसते. मग एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा आकडा तिच्या बुडाची कड पकडून तिला बाहेर ओढतो. हा सगळा खेळ त्या केसभर आकसण्यावर आहे. ते झालं नाही, की पुंगळी आतच राहते.

ती का राहिली, हे बऱ्याचदा पुंगळीच सांगते. तिच्या अंगावर उभे ओरखडे असतील, तर चेंबर खडबडीत आहे किंवा गंजलंय. मागचा प्रायमर चेपून सपाट झाला असेल, तर दाब जास्त झाल्याची शंका घ्यावी. बुडाची कड फाटली असेल, तर बिचाऱ्या एक्स्ट्रॅक्टरने आपलं काम केलंय. पुंगळीच सुटायला तयार नव्हती किंवा तिला वेळेआधी ओढलं गेलं. म्हणून जाणकार आधी चेंबर ब्रशने स्वच्छ करतो, मग दुसऱ्या लॉटची काडतुसं वापरून बघतो, आणि त्यानंतर मापं घेतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं.

व्हिएतनाममध्ये हा क्रम उलटा झाला. अमेरिकी सैनिकांच्या हाती एम-16 ही नवी, हलकी रायफल आली आणि ऐन लढाईत तिच्यात पुंगळ्या अडकू लागल्या. अशा वेळी नळीच्या तोंडातून गज घालून पुंगळी मागे ठोकून काढावी लागे. समोरून गोळ्या येत असताना हे करायचं! काही सैनिक तर तो गज रायफलीलाच चिकटपट्टीने बांधून फिरत. 1967च्या एप्रिल-मेमध्ये खे सान्हजवळच्या टेकड्यांवर भयंकर लढाई झाली. त्यातून वाचलेल्या एका सैनिकाने घरी लिहिलं, की मेलेल्या बहुतेक सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या खोललेल्या रायफली पडल्या होत्या. ते पत्र छापलं गेलं आणि अमेरिकी संसदेत पोचलं.

वरिष्ठांचं उत्तर तयार होतं : पोरं रायफल साफ ठेवत नाहीत.

हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं पचायला फार सोपं असतं. रायफली मळलेल्या होत्याच. पण साफसफाईचं सामान पुरेसं पाठवलंच नव्हतं. या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समजही पसरू दिला होता. ज्या बारुदीवर रायफल विकसित झाली, ती बदलून दुसरी भरली गेली. नव्या बारुदीने जास्त काजळी धरली आणि रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेगही वाढवला. आधीच्या एम-14च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता. एम-16ला तो दिला नाही. त्या दमट हवेत उघड्या पोलादाच्या चेंबरला गंजाचे बारीक खड्डे पडत आणि फुगलेलं पितळ त्यांत रुतून बसे. यातला एकही निर्णय चिखलात बसलेल्या पोराने घेतला नव्हता.

माझे अब्बा टर्नर होते. त्यांच्या कारखान्यात एकदा एका नव्या मुलाच्या हातून ड्रिलमागून ड्रिल मोडू लागले. सुपरवायझरने त्याच्या पगारातून पैसे कापायचं ठरवलं. अब्बांनी मोडलेला तुकडा उचलला, ट्यूबलाइटखाली धरला, मग लोखंडाच्या सळीवर कानस ओढून पाहिली. माल बदलला होता, नवी सळी जास्त कडक होती. “पहिले टुकडा देखो, फिर आदमी देखो,” एवढंच ते म्हणाले. तो मुलगा टिकला. पुढे त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं.

अमेरिकेत हा तुकडा बघायचं काम संसदेच्या इकॉर्ड समितीने केलं. ऑक्टोबर 1967च्या अहवालात तिने काडतुसांतला दोष वेळेत दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांचं वर्तन गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या काठावरचं ठरवलं. त्याच वर्षी चेंबरला क्रोमचा मुलामा देणं सुरू झालं. सफाईचं सामान पोचू लागलं. 1968मध्ये विल आइस्नर या चित्रकथाकाराने सैनिकांसाठी देखभालीची सचित्र पुस्तिका केली. पुंगळ्या अडकणं बरंच कमी झालं. सैनिक तेच होते.

ते युद्ध अन्यायाचं होतं, असं मी मानतो. त्या रायफलींपुढे उभी असलेलीही माणसंच होती. पण आपल्या दोषाचं खापर आपल्याच पोरांवर फोडणारी व्यवस्था मला परकी वाटत नाही. रेल्वेचा अपघात झाला की मोटरमन, पूल पडला की मुकादम, रुग्ण दगावला की नर्स. आणि काही वेळा तर नुसतं नाव विचारलं की तपास संपतो.

पितळेला मात्र कुणाचं नाव ठाऊक नसतं. त्याच्यावरचा ओरखडा जिथे दोष आहे तिकडेच बोट दाखवतो. आपण फक्त ती पुंगळी उजेडात धरायची असते.