कुंभार्ली घाट आणि मागचं दार

मैत्रिणींनो, कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर पाऊस ओसरल्यावर एकदा जाच. कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. तिथून पाटण, कोयनानगर, हेळवाक असं करत आपण सह्याद्रीच्या कड्यावर येतो आणि कुंभार्ली घाट उतरून थेट कोकणात!

मागच्या आश्विनात आम्ही याच वाटेने गुहागरला निघालो. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. सासूबाईंची दर्शनाची इच्छा कितीतरी दिवसांची. गाडी मोठी, जीपच्या घाटाची, जुनी घेतलेली. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडणारं आणि त्याच्यावरच स्टेपनी बसवलेली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पाय लांब करता यावेत यासाठी त्या आपण होऊन मागच्या बाकावर बसल्या.

पाटण यायच्या आतच मागून खडखड सुरू झाली. हे म्हणाले, "तुझे डबे वाजताहेत." मी डब्यांमध्ये टॉवेल कोंबले. खडखड कायम! सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाठीला वारा लागतोय." मी म्हटलं, "आई, काचा तर बंद आहेत." आपण घरातही असंच करतो ना? वडीलधाऱ्यांची तक्रार ऐकतो, पण मनावर घेत नाही.

कोयनानगरला चहासाठी थांबलो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे झालेल्या भूकंपाची आठवण सासूबाईंनी सांगितली. त्यांचं माहेर पाटणचं. तेव्हा त्या लहान होत्या. "भांडी आधी वाजली, मग भिंती हलल्या," त्या म्हणाल्या. आम्ही ऐकलं आणि पुढे निघालो.

घाटात त्यांना मळमळायला लागलं, डोकं जड झालं. गाडी लागली असेल, म्हणून मी आलेपाक दिला. सामान घ्यायला मागे वळले, तर पिशवीवर बोटभर धूळ आणि धुराचा वास! आता मात्र माझ्या पोटात धस्स झालं. गाडी लगेच बाजूला घ्यायला लावली, सगळी दारं उघडली आणि आईंना उतरवून मोकळ्या हवेत बसवलं. थोड्या वेळाने त्यांना बरं वाटलं. पुढे त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवून, सगळ्या काचा खाली करून, सावकाश पोफळीपर्यंत उतरलो आणि चिपळूण गाठलं.

महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये एक वयस्क मेकॅनिक भेटले. भिंतीवर 22 जुलै 2021 च्या महापुराच्या पाण्याची खूण अजून होती. त्यांनी दार जरासं उघडलं, खालून दोन्ही हातांनी धरून वर उचललं. दार खळकन वर-खाली झालं. "ताई, दार खाली बसलंय. स्टेपनीच्या ओझ्याने बिजागऱ्या झिजल्या."

सासूबाई पटकन म्हणाल्या, "आमच्या वाड्याचं दार असंच होतं. उचलून लावावं लागायचं!"

मग त्यांनी एक साधी परीक्षा दाखवली. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट निघाली तर रबर नीट दाबलं जातंय, सहज निघाली तर तिथे फट आहे. अशी चारी बाजूंनी तपासणी केली. आमची पट्टी कुलपाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात अलगद बाहेर आली. चालत्या गाडीच्या मागे हवा गोल फिरते आणि धूळ-धूर अशा फटीतून आत ओढून घेते. त्यात आमच्या सायलेन्सरचा एक सांधाही सैल निघाला. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला स्वतःचा वास नसतो, हे मी वर्गात मुलींना शिकवते. गाडीत मात्र मला ते आठवलं नाही!

दुरुस्तीचा क्रम लक्षात ठेवा. आधी बिजागऱ्या. त्यांच्या झिजलेल्या पिना आणि बुश बदलून, दार उचलून धरून बोल्ट आवळले. मग दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसतात का ते पाहिलं. त्यानंतर चौकटीवरचा, कुलूप ज्यात अडकतं तो आकडा. सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवली, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. तो जेमतेम 2 मिलिमीटर सरकवला. शेवटी दाराचे रबरी ठोकळे आणि कडेचं फाटलेलं रबर नवं घातलं. पुष्कळ ठिकाणी आधी आकडाच सरकवतात. दार तेवढ्यापुरतं लागतं, पण बिजागरी झिजतच राहते आणि महिन्याभरात पुन्हा खडखड! सायलेन्सरचा सांधाही आवळून घेतला.

तुमच्याही गाडीत मागे आवाज येत असेल, तर आधी सगळं सामान बाहेर काढा. जॅक, पाना, स्टेपनी घट्ट आहेत का पाहा. मग खराब रस्त्यावर गाडी सावकाश चालवायला सांगून एकेका वस्तूवर हात दाबून धरा. ज्यावर हात ठेवताच आवाज थांबेल, दोष तिथे. आणि धुराचा वास आला किंवा मागे बसलेल्याचं डोकं दुखू लागलं, तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. ताबडतोब थांबा, माणसांना बाहेर काढा.

संध्याकाळी व्याडेश्वराच्या गाभाऱ्यापुढे सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. परतताना त्या पुन्हा मागच्याच बाकावर बसल्या. घाट चढताना मी विचारलं, "आई, वारा लागतोय का पाठीला?"

"नाही गं," त्या हसल्या, "पण विचारत जा हो अधूनमधून."