दरीचे दोन वृत्तान्त

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दाभिळ टोकाजवळ दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा वळण कोणते, कठडा कसा होता, गिर्यारोहक दोर लावून खाली कसे उतरले, हे सविस्तर लिहिणे आम्हा तालुका-वार्ताहरांचे कर्तव्यच होते. अपघाताच्या बातमीतील स्थळ हा पुढच्या प्रवाशाला दिलेला इशारा असतो आणि बांधकाम खात्याकडे केलेली जाहीर फिर्यादही असते. परंतु त्याच तालुक्यात कुणी इसमाने आपले आयुष्य संपविल्याची खबर येते, तेव्हा हाच तपशील विषवत होतो, कारण तशाच यातनेत असलेल्या अज्ञात वाचकाला तो वाट दाखवितो. आणि हे माझ्या व्यवसायबंधूंना अद्याप पुरते पटलेले नाही, याचा मला फार खेद वाटतो.

व्हिएन्नाच्या वृत्तपत्रांनी १९८७ साली भुयारी रेल्वेतील अशा मृत्यूंची भडक वर्णने आवरती घेतली, तेव्हा त्या रेल्वेतील आत्महत्या झपाट्याने घटल्या. आपल्याकडे प्रेस परिषदेने २०१९ साली आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी मांडलेला उच्छाद पाहून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये तीच तत्त्वे दूरचित्रवाणीवरही बंधनकारक ठरविली.

तत्त्वांची खरी कसोटी मात्र पोलीस ठाण्यात लागते. अकस्मात मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, राहणार यांच्यापाठोपाठ कारण येते, आणि ते बहुधा खबर देणाऱ्या नातलगाने दुःखावेगात उच्चारलेले एखादेच वाक्य असते: ‘कर्जापायी’, ‘घरच्या वादातून’. वर्षानुवर्षांचा आजार, एकाकीपण, व्यसन, अपमान, हे सारे त्या दोन शब्दांत मावत नाही; तरी सकाळी मथळा होतो तो त्याच दोन शब्दांचा, आणि मागे राहिलेल्या पत्नीला तो गावभर जाहीर झालेल्या निवाड्यासारखा भोगावा लागतो. म्हणून साधन, नेमकी जागा आणि चिठ्ठीतील मजकूर मी वहीत टिपून घेतच नाही, कारण जे टिपले जाते ते रात्री पान लावताना हटकून छापले जाते.

ही बातमी दडपणे नव्हे. सावकाराच्या तगाद्याची तक्रार असेल, तर तगाद्याची चौकशी करून, सावकाराचा खुलासा घेऊन, स्वतंत्र बातमी करावी आणि ती पहिल्या पानावर द्यावी. मृत्यूची बातमी मात्र आतील पानावर, छायाचित्राविना, मोजक्या ओळींत असावी, आणि तिच्या अगदी लगत, जाहिरातींच्या गर्दीत नव्हे, टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक टायपात छापावा.