चुकीची नोंद

समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आमच्याच जालना जिल्ह्यांतलें. असें असूनहि परवां वर्गांत आम्हीं त्यांचा जन्मशक १६०३ म्हणून ठोकून दिला. मागच्या बांकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, तो निर्वाणाचा शक. जन्माचा १५३०." आम्ही हंसून म्हणालों, "शाबास! तुमची परीक्षा पाहत होतों."

हें धडधडीत असत्य होतें. पुतण्याकडून ऐकलेली संगणकाच्या स्मृतीची हकीकत त्या रात्रीं आम्हांला टोचूं लागली. मोठ्या संगणकांत स्मृतीच्या दर ६४ अंकांमागें ८ साक्षी-अंक राखलेले असतात. विश्वकिरणांच्या आघातानें एखादा अंक उलटला, तर साक्षींवरून तो हुडकून सुधारतां येतो. दोन उलटले, तर चूक कळते, पण सुधारत नाहीं. या युक्तीचें मूळ रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० सालच्या लेखांत आहे. लिनक्स प्रणालीचा गाभा तर सुधारलेल्या चुकीचीहि मोजदाद ठेवतो. एकाच पट्टीचा आंकडा वाढूं लागला, कीं ती बदलण्याची वेळ आली असें समजावें. चूक सुधारण्यापलीकडची असेल, तर खोटें उत्तर देण्यापेक्षां तो यंत्रच थांबवूं शकतो.

आमच्या चुका घरीं पत्नी सुधारते, वर्गांत विद्यार्थी. नोंद मात्र आम्ही पुसून टाकतों. पन्नाशी उलटल्यावर तर ती अधिकच हवी!

दुसऱ्या दिवशीं वर्गांत म्हणालों, "काल परीक्षा नव्हती, चूक माझी होती." मुलें हंसलीं नाहींत. घरीं येऊन आम्हीं वहींत तारीख घालून लिहिलें : चूक एक, सुधारली.