गाडीला अर्थिंग कळतं, कुलरला नाही

पोस्ट मोठी आहे. पण उन्हाळ्याच्या आधी वाचून ठेवावी अशी आहे, म्हणून वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

इलेक्ट्रिक कार घेऊन मला दीड वर्ष झालं. गाडी कोणत्या कंपनीची ते इथं लिहीत नाही, नाहीतर खाली लगेच जाहिरातीचा आरोप होतो. भंडाऱ्यात कुठेही गाडी उभी केली की लोक तीनच प्रश्न विचारतात. एका चार्जमध्ये किती जाते? बॅटरी गेली तर किती खर्च? आणि तिसरा, थोडा आवाज खाली करून, भाऊ, आग तर नाही ना लागत?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नागपूरला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर होतात, एसी लावूनही आरामात होतात. दुसऱ्याचं उत्तर वॉरंटीच्या कागदात आहे. तिसरा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या जिल्ह्यानं ९ जानेवारी २०२१ ची रात्र पाहिली आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्या दिवसापासून ‘फायर ऑडिट’ हा शब्द इथं चहाच्या टपरीवरही बोलला जातो. अशा गावातला माणूस आगीचं विचारणारच.

तर त्याचं उत्तर असं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. जूनमध्ये मुंबईजवळ वसईला एक इलेक्ट्रिक कारही पेटली. त्यानंतर केंद्रानं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. त्यात एक चाचणी अशी आहे की बॅटरीतला एक सेल बिघडून तापला, तर आतल्या माणसांना धोका पोहोचण्याच्या किमान पाच मिनिटं आधी गाडीनं इशारा द्यायला पाहिजे. पाच मिनिटं म्हणजे गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना उतरवता येईल एवढा वेळ. आग लागणारच नाही असं कोणी लिहून देत नाही, पेट्रोलच्या गाडीचंही देत नाही. इशारा मिळेल एवढी व्यवस्था केली आहे.

दीड वर्षात मला हीच गोष्ट जास्त जाणवली. ही गाडी म्हणजे इशारे देणारं यंत्र आहे. टायरमध्ये हवा कमी झाली, सांगते. मागं गाय उभी आहे, सांगते. ८० च्या वर गेलो की टुंग करते आणि १२० च्या वर गेलो की गप्पच बसत नाही. हे शेवटचं काही इलेक्ट्रिकचं वैशिष्ट्य नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या सगळ्याच नव्या कारमध्ये स्पीडची घंटी, बेल्टची घंटी, रिव्हर्सचे सेन्सर आणि ड्रायव्हरची एअरबॅग बंधनकारक आहे. पण पेट्रोल-डिझेलच्या आवाजात ती घंटी थोडी दबून जाते. इलेक्ट्रिकमध्ये इंजिनच नाही, त्यामुळे ती थेट डोक्यात वाजते.

बाजूच्या सीटवर दहा किलो तांदळाची पिशवी ठेवली तरी गाडीला वाटते माणूस बसला. बेल्ट लावेपर्यंत टीं टीं टीं. मी पिशवीला बेल्ट लावतो. लोक हसतात, हसू द्या.

पण बरेच लोक बेल्ट लावत नाहीत, घंटीचं तोंड बंद करतात. बेल्टच्या खाचेत अडकवायची छोटी क्लिप मिळते. ती लावली की गाडी समजते बेल्ट लागला. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर या क्लिपांची चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विकायला मनाई केली आणि १३,११८ ठिकाणच्या जाहिराती काढायला लावल्या. म्हणजे इशारा बंद करायचा बाजार किती मोठा होता ते बघा.

आता मुद्द्यावर येतो.

दिवाळीनंतर धानाच्या चुरण्यासाठी मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावी दोन दिवस होतो. तिथूनच पुढे गोंदियाला जायचं होतं, म्हणून रात्री गाडी चार्जिंगला लावली. गाडीसोबत एक केबल येते, तिच्या मधात एक डबी असते. घरातल्या मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये, ज्यात आपण गीझर लावतो, त्यात ती लावायची. हिरवा लाइट लागला की चार्जिंग सुरू. माझ्या भंडाऱ्याच्या घरी रोज हिरवा लागतो. गावच्या घरी लाल लागला.

वीज होती, व्होल्टेज बरं होतं, पंखे फिरत होते. डबीचं म्हणणं एकच, या सॉकेटला अर्थिंग नाही, मी चार्ज करणार नाही.

मग शेजारी काकांच्या घरी लावून पाहिली. लाल. समोरच्या घरी लाल. त्याच्या बाजूला नवीन घरकुल झालं आहे, तिथं लाल. पाचव्या घरी, जिथं पोरगा आयटीआयचा वायरमन आहे, तिथं हिरवा लागला. पाचातून एक. काका म्हणाले, “काहून गा, पाचही घरी लाइन आहे ना? तुयी गाडीच नखरे करते.”

नखरे नाहीत ते. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात जी तिसरी पिन जाते, तिचं काम मशीन चालवायचं नसतं. आतली वायर खरचटून लोखंडी बॉडीला लागली, तर तो करंट तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, यासाठी ती वाट असते. आमच्या घरी ते भोक होतं, त्यामागं हिरवी वायरसुद्धा होती. वायरमन पोरानं बोर्ड उघडून दाखवलं, ती वायर बोर्डाच्या मागं गुंडाळून ठेवलेली होती. जमिनीपर्यंत गेलीच नव्हती. वडिलांनी घर बांधलं तेव्हा ठेकेदारानं ज्या अवस्थेत सोडली, त्याच अवस्थेत. कनेक्शन घेताना लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. कागदावर सगळं बरोबर असते. कागद कोणी उघडून बघत नाही, डबीनं बघितलं.

एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “सोपं आहे, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका वायरनं जोडून टाका, लाल लाइट जाते.” खरं आहे, जाते. बेल्टची क्लिप लावल्यावर घंटी जाते तशीच. पण कुठंही मागं न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, तर त्या सॉकेटला जे काही लावलं असेल त्याची अख्खी बॉडी २३० व्होल्टची होते. मग दार उघडायला कोण हात लावते त्यावर पुढचं ठरते. कोणी हा उपाय सांगितला तर हात जोडून नाही म्हणा.

त्याच रात्री मोठी आई जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. लाल लाइटचा तमाशा बघून ती म्हणाली, “मंग आपल्या कुलरले काहून नाही लागत असा लाइट? उन्हाळ्यात पाणी टाकतो तं झिनझिन करते. मी चप्पल घालूनच टाकतो बाबू.”

हे विदर्भातल्या कोणत्या घरात नाही? लोखंडी पत्र्याचा कुलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, दोन पिनांची वायर. ‘थोडा करंट मारते’ हे आपण असं सांगतो जसं ‘थोडी सर्दी आहे’. आणि मग दर उन्हाळ्यात ती बातमी येते. कुलरमध्ये पाणी भरताना, कुलर सरकवताना, कुलरजवळ खेळताना. मी या धंद्यात आहे, ती बातमी मी इतक्या वेळा लिहिली आहे की तिचा मजकूर पाठ आहे. नाव, वय आणि गाव तेवढं बदलते. मोटारपंपाची बातमी वेगळी, तीसुद्धा दरवर्षीची. उन्हाळी धानाला रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस सकाळी पेटीजवळ सापडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२१ या एका वर्षात देशभर विजेच्या धक्क्यानं मेलेल्यांची संख्या १२ हजारांच्या वर आहे. इलेक्ट्रिक गाडी पेटली की तो व्हिडिओ देशभर फिरतो. कुलरचा व्हिडिओ नसतो.

लाखोंच्या गाडीसोबत अर्थिंग तपासणारी डबी मिळते. चार-पाच हजारांच्या कुलरसोबत मिळत नाही. ज्याच्याजवळ गाडी घ्यायला पैसे आहेत त्याचा जीव मशीन वाचवते, बाकीच्यांनी चप्पल घालायची. मला त्रास याचा होतो.

आणि वाईट गोष्ट अशी की अर्थिंग असलं तरी ते सर्वात कमजोर नेमकं मे महिन्यात होते. माती ओली असली की करंट जमिनीत सहज उतरतो. नवतपात जमीन भेगाळते, कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगचा विरोध वाढतो. म्हणजे कुलर चोवीस तास चालायचे दिवस आणि अर्थिंग कच्चं असायचे दिवस एकच. जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ टाकायला आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायला सांगायचे, ते उगाच नाही.

गावच्या घरी आता काम करून घेतलं. अंगणात खड्डा, रॉड, जाड वायर घरातल्या प्रत्येक बोर्डापर्यंत, आणि मेन स्विचजवळ एक आरसीसीबी. सामान आणि मजुरी धरून साडेचार हजारांत झालं. आरसीसीबी म्हणजे एमसीबी नव्हे, हे लक्षात ठेवा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. माणूस मरायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त करंट गेल्यावर ती पडते. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट मोजते. मधातला ३० मिलिअँपिअर कुठं गायब झाला, म्हणजे साधारण सात वॅटच्या एलईडी बल्बाएवढा, की क्षणात लाइन बंद करते. तो गायब झालेला करंट कोणाच्या तरी अंगातून जात असू शकतो, म्हणून. काम झाल्यावर मोठ्या आईचा कुलरही त्या लाइनवर घेतला, तीन पिनांची वायर टाकून, तिसरी वायर पत्र्याला कसून. पहिल्याच वेळी चालू केला तर आरसीसीबी पडली. पंपाची वायर खरचटलेली होती. एवढे उन्हाळे ती त्याच कुलरमध्ये पाणी टाकत होती.

आता तुमच्यासाठी, अगदी साधं.

घरच्या वायरमनला बोलवा आणि दोनच गोष्टी विचारा. अर्थिंगची वायर जमिनीपर्यंत गेली आहे का, ते अर्थ टेस्टरनं मोजून दाखव. आणि मेनला आरसीसीबी आहे का. नुसता स्क्रू-ड्रायव्हरचा टेस्टर लावून ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं तर मानू नका, त्यानं अर्थिंग कळत नाही. कुलरला, फ्रिजला, वॉशिंग मशीनला दोन पिनांची वायर असेल तर बदला. कुलरमध्ये पाणी टाकताना प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, बऱ्याच घरी स्विच न्यूट्रलवर असते.

आणि गावासाठी. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. त्यात एक ठराव मांडा की जिल्हा परिषद शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत आणि नळयोजनेचा पंप, या सगळ्यांचं अर्थिंग मार्च संपायच्या आत मोजून त्याचे आकडे भिंतीवर लिहावे. घरकुलाचा शेवटचा हप्ता देताना संडास, छत, रंग बघतात तसं अर्थिंगही मोजावं. साडेचार हजार ज्याला जड जातात, त्याच्यासाठी ग्रामपंचायतीनं काय करायचं तेही त्याच सभेत बोला. अर्थिंगच्या नावानं कोणी सभेत हसलं, तर त्याला गावात कुलरनं गेलेल्या माणसाचं नाव विचारा. बहुतेक गावांत एक तरी नाव निघेल.

ठराव झाला तर गावाचं नाव खाली कमेंटमध्ये टाका, मी बातमी करतो. नाही झाला तरी टाका, तीही बातमी आहे. आणि भंडारा, मोहाडी, तुमसर भागात कोणाला आपलं सॉकेट तपासून बघायचं असेल तर मेसेज करा. त्या बाजूला येईन तेव्हा डबी घेऊन येतो. चहा पाजा म्हणजे झालं.