तगर नगरीची शिल्लक

कुंथलगिरीची वंदना करून धाराशिवकडे निघालेले यात्रेकरू बहुधा डोंगरातील लेणी पाहून परततात. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी असलेल्या तेर गावी जाणारे थोडे. जे जातात ते गोरोबाकाकांच्या समाधीला, किंवा भगवान महावीरांच्या अतिशय क्षेत्राला. महावीरांचे समवसरण येथे आले होते, अशी परंपरेची श्रद्धा आहे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. व्यापारी घराण्यांनी तरी ते चुकवू नये, कारण तेथे मांडलेला बहुतेक ऐवज व्यापाराचाच आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या टिपणात या नगराचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असा त्याचा हिशेब. पैठणहून मौल्यवान खडे, तर तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई. श्री मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ म्हणून आज ज्या भडोचला भाविक जातात, तेच हे बंदर. दिशा व अंतरे नेमकी जुळत नसल्यामुळे तगर कोणते, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. अखेर 1901 मध्ये फ्लीट यांनी तेरच्या बाजूने निर्णायक मांडणी केली. पुढे 1958 मध्ये चापेकरांनी केलेल्या उत्खननाने सातवाहनकालीन समृद्धी प्रत्यक्ष जमिनीतून वर आणली.

पण संग्रहालयाचा पाया उत्खननाने घातलेला नाही. तो एका गावकऱ्याच्या छंदाने घातला. तेरच्या भोवती पांढरीची टेकाडे आहेत. पाऊस पडून गेला की त्यांच्या उतारावर मणी, नाणी, खापऱ्या उघड्या पडतात. दख्खनमधील जुन्या गावांची पांढरी माती शेतात खत म्हणून ओढून नेण्याची रीत सर्वत्र होती आणि तिच्याबरोबर किती इतिहास नांगराखाली गेला, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. ज्या वस्तूंना बाजारात भाव नव्हता, त्या लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. शेवटी तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला, आणि विशेष म्हणजे गावातच राहिला. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. परिग्रह कशाला म्हणावे आणि जतन कशाला, हा प्रश्न येथे सहज मनात येतो.

दालनांत शंखाच्या बांगड्या आहेत, अकीक व काचेचे मणी आहेत, सातवाहनांची शिशाची नाणी आहेत, पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती आहेत. सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची उंची वीतभरही नाही. अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. ते शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती. ती तेरच्याच कारागिराची, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दोघी एकाच परंपरेतील आहेत, हे साध्या डोळ्यालाही पटते.

जैन वाचकाला आणखी एक धागा येथे गवसतो. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर नगर आणि त्याच्या जवळची लेणी येतात. करकंड राजाला तेथे पार्श्वनाथांची प्रतिमा लाभल्याची कथा धाराशिवच्या लेण्यांशी जोडली जाते. हिरालाल जैन यांनी 1934 मध्ये कारंजा ग्रंथमालेत हे काव्य संपादून प्रसिद्ध केले. काही अभ्यासक ही लेणी मुळात बौद्ध असल्याचे मानतात. तो वाद मिटलेला नाही, आणि लेण्यांतील तीर्थंकरांच्या प्रतिमांपुढे हात जोडणाऱ्याला तो मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. शिलाहार राजे तर कोकण व कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. ओस पडत गेलेल्या पेठेचे नावही शतकानुशतके पत राखून होते.

निघण्यापूर्वी मातीच्या लहान गोल पदकांपाशी थोडे थांबावे. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्यांवरून ती साच्यात उठवलेली आहेत. दोऱ्यात ओवता यावीत म्हणून वर कडी ठेवलेली. खरे सोन्याचे नाणे ज्याच्या हाती येत नव्हते, अशा कुणा तेरकराने ते मातीचे नाणे गळ्यात घातले असेल. पुढे ज्या गावाने गोरोबांसारखा कुंभार दिला, त्या गावच्या मातीत रोमच्या बादशहाचा चेहराही असा भाजून निघाला होता.