पाणी जातं कुठे?

मे महिन्यातली टळटळीत दुपार. वाई मागे टाकून गाडी पसरणीच्या घाटाला लागली होती. मागच्या सीटवर आजी आणि दोन नातवंडे, पुढे नवरा-बायको. पाचगणीला पोहोचून गार वाऱ्यात चहा घ्यायचा, एवढाच बेत. पुढे गाड्यांची रांग, चढ आणि एसी चालू. एवढ्यात बायकोचे लक्ष काट्याकडे गेले.

"अहो, हा काटा लाल रेघेला कसा टेकला?"

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले, बॉनेट उघडले, तर आतून वाफेचा फुत्कार! नवरा फडके घेऊन घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाकडे वळला. तोच मागून आजींचा आवाज आला, "अरे, शिट्टी होत असताना कुकर उघडतोस का? थांब जरा."

तो थांबला आणि भाजता भाजता वाचला. इंजिनाभोवती फिरणारे पाणी कुकरसारखेच दाबाखाली असते. या दाबामुळे ते 100 अंशांवर तापले तरी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम उतरतो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर उडते. टाकीचे झाकण असो वा रेडिएटरचे, इंजिन पूर्ण निवल्याशिवाय हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतायचे नाही. धातूला तडा जाऊ शकतो.

झाडाच्या सावलीत वाट पाहताना बायकोने विचारले, "गेल्या महिन्यातही तुम्ही पाणी भरलं होतंत ना?"

"दर पंधरा दिवसांनी भरतो की!" त्याने अभिमानाने सांगितले.

"मग ते जातं कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. पाणी भरले की देखभाल झाली, असेच तो समजत आला होता. महिनाभर पुरणारे गॅस सिलिंडर पंधरा दिवसांत संपले, तर गृहिणी नुसते दुसरे लावत नाही. साबणाचे पाणी लावून नळी कुठे गळते का, ते बघते. गाडीने मात्र दोन वर्षे तक्रार केली आणि त्याने दर वेळी तिचे तोंड पाण्याने बंद केले!

इंजिन निवल्यावर बाटलीतले पाणी भरून, काट्यावर नजर ठेवत गाडी उतारावरून हळूहळू वाईला परत आणली. गॅरेजमध्ये चोर सापडला. रबरी नळी क्लिपखाली चिरली होती आणि भोवती पांढरट डाग वाळला होता. आतले पाणी चहासारखे तांबूस निघाले. नळाच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात, तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतात. म्हणूनच तिथे कूलंट हवे. ते गंज रोखते, उशिरा उकळते आणि लेह-मनालीसारख्या थंडीत गोठतही नाही. "आणखी थोडी ताणली असती, तर हेड वाकलं असतं," मिस्त्री म्हणाला. तो खर्च ऐकून सहलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

तेव्हापासून रविवारची सकाळ ठरली आहे. इंजिन थंड असताना बायको टाकीवरच्या किमान आणि कमाल खुणांमध्ये पातळी बघते. गाडीखाली रंगीत थेंब आहेत का, नळ्या फुगल्या, भेगाळल्या किंवा लिबलिबीत झाल्या आहेत का, हे पाहणे नवऱ्याकडे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि पाने तो पाण्याच्या हलक्या धारेने काढतो. कूलंट रंग पाहून नव्हे, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचेच आणले जाते आणि त्यातच सांगितलेल्या मुदतीत बदलले जाते. तयार मिश्रण नसेल, तर त्यात क्षारविरहित पाणीच मिसळायचे.

कूलंटची बाटली मात्र माळ्यावर, कुलपात. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. मुले असोत वा कुत्री-मांजरे, थोडेसे पोटात गेले तरी जिवावर बेतू शकते. सांडले तर लगेच पुसायचे. जुने कूलंट गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यायचे.

दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता पातळीचीही नोंद असते. कित्येक आठवडे ती जागची हललेली नाही.

परवा धाकट्याने पाण्याची बाटली आणून विचारले, "आई, आज पाणी भरायचं?"

"नाही रे," ती म्हणाली, "आज नुसतं बघायचं."